शेळीने खाल्लेलं पान

आमच्या ऑफिसात जिन्याखाली एक खोली आहे. खोली आपली म्हणायची. जिन्याचा उतार आत आल्यामुळे तिच्या अर्ध्या भागात माणसाला सरळ उभं राहता येत नाही. त्या अर्ध्यात बुटांची सत्तेचाळीस खोकी रचलेली आहेत आणि उरलेल्या अर्ध्यात आत्या बसतात.

आत्या माझ्या कोणी नाहीत. माझ्या आधीच्या संपादकांच्या त्या सख्ख्या आत्या. ते 'आत्या' म्हणायचे म्हणून मांडणी करणारा म्हणायला लागला, मग फोटोवाला, मग पोस्टमन, आणि शेवटी मालकसुद्धा. मालक वयाने आत्यांपेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत, पण त्याचं कुणाला काही वाटत नाही. पत्त्यांचं खातं आत्यांकडे. 'तंबू' मासिक कुणाला जातं, कुणाचं थांबलं, कुणाचं दरमहा चुकून शेजाऱ्याकडे जातं आणि तो शेजारी ते वाचून झाल्यावरच देतो, हे सगळं त्या खोक्यांमध्ये आहे.

'तंबू' हे घरात न करमणाऱ्यांचं मासिक. डोंगर कसा चढावा, नदी कुठून ओलांडावी, ओल्या जमिनीवर कसं झोपावं, असलं त्यात चव्वेचाळीस वर्षं छापून येतंय. चव्वेचाळीस वर्षं लोक झोपायलाच शिकतायत, मग उठतात कधी, असा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता. मी घरसजावटीच्या मासिकातून इथे आले. उशांचे अभ्रे आणि भिंतींचे रंग यांवर मी सात वर्षं अधिकारवाणीने लिहिलेलं आहे. माझं प्रामाणिक मत असं होतं, की डोंगर बघावा तो खिडकीतून, आणि खिडकीला पडदा असावा.

या बाबतीत आत्यांचं माझ्याशी एकमत होतं. एकतीस वर्षं 'तंबू'त काढून त्या एकदाही तंबूत शिरलेल्या नाहीत. घर, बसस्टॉप आणि जिन्याखालची खोली, एवढाच त्यांचा प्रवास. घरी एक धाकटी बहीण, ती नर्स. एकदा सगळं ऑफिस सहलीला गेलं तेव्हा आत्या गाडीतच बसून राहिल्या आणि सोबत आणलेलं एक खोकं त्यांनी तिथे नीट लावून घेतलं. "अहो, खाली तरी उतरा, डोंगर बघा," असं मांडणीवाल्याने म्हटलं तर म्हणाल्या, "तो कुठे पळून जातोय?" नोकरीला त्या आल्या त्यासुद्धा एका कारकूनबाईंच्या बाळंतपणाच्या रजेत, तीन महिन्यांसाठी. ते बाळ आता स्वतः दोन मुलांचा बाप आहे. आत्यांच्या नेमणुकीच्या कागदावर अजून 'हंगामी' असंच लिहिलेलं आहे आणि ते बदलून घ्यायला त्यांना वेळ झालेला नाही.

मी रुजू झाले त्या दिवशी मालकांनी मला बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. तरुण वाचक आणायचे, ही एक. जुने जाऊ द्यायचे नाहीत, ही दुसरी.

"दोन्ही एकदम?" मी विचारलं.

"एकेक करायचं असतं तर तुम्हाला कशाला आणलं असतं?" ते म्हणाले.

वर्षभराची मुदत होती. वर्षाअखेरीस वर्गणीदार चार हजारांच्या खाली गेले, तर छापील अंक बंद, मग जे काय असेल ते फोनवर. छापील अंक बंद म्हणजे पत्ते बंद, आणि पत्ते बंद म्हणजे आत्या बंद. खरं सांगते, मला तेव्हा काहीही वाटलं नाही. उलट जिन्याखाली कॉफीचं यंत्र किती छान बसेल, याचा अंदाज मी डोळ्यांनीच घेऊन ठेवला होता.

मग मी यादी मागायला आत्यांकडे गेले. त्यांनी एक खोकं पुढे सरकवलं. आत जाड कागदाची कार्डं. प्रत्येक कार्डावर शाईने नाव-पत्ता आणि खाली बारीक अक्षरात पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं.

"हे पेन्सिलीतलं काय आहे?"

"ते माझं."

"म्हणजे?"

"म्हणजे नाव तुमचं, पत्ता तुमचा आणि पेन्सिल माझी."

मी तरी वाचलंच. 'नकाशात विहीर दाखवली नाही म्हणून चिडले.' 'गाठीचं चित्र उलटं छापलं म्हणून चिडले. मुलीचं लग्न ठरलं.' 'चिडले.' 'चिडले.' 'खूप चिडले, पण अक्षर सुधारलंय.'

"अहो, हे तर सगळे चिडलेलेच आहेत!"

"म्हणून तर आहेत," आत्या ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत म्हणाल्या. "ज्याला राहायचं असतं तो भांडतो. गप्प बसला की समजायचं, गेला."

मी मनात म्हटलं, म्हातारीला एकांतवास बाधलाय. आणि वर जाऊन कामाला लागले.

सगळ्यात आधी मी कागद बदलला. 'तंबू'चा जुना कागद म्हणजे मळकट, खरखरीत, बोट लावलं की बोट काळं. घरसजावटीतल्या माणसाला तो बघवेना. मी गुळगुळीत, जाड, चमकदार कागद आणला. मुखपृष्ठावर एका सुळक्याच्या टोकावर उभी असलेली मुलगी, तिच्या बुटांना मातीचा कण नाही. तरुण मंडळी खूश झाली. त्या मुखपृष्ठाचे फोटो काढकाढून त्यांनी एकमेकांना पाठवले, आणि पहिल्याच महिन्यात दोनशे नवे वर्गणीदार मिळाले. माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

आणि मग पत्रं आली. दोनशे अकरा.

कुणाला कागदाच्या चकाकीने डोळ्यांत पाणी येत होतं. कुणाला अंक जड वाटत होता. कुणाच्या मांडीवरून तो घसरत होता. एका बाईंनी लिहिलं होतं, की नव्या कागदाची पानं उलटताना एवढा आवाज होतो की झाडावरची पाखरं उडून जातात. मी हट्टाला पेटले. चकाकी कमी केली, वजन कमी केलं, कडा खडबडीत करून घेतल्या म्हणजे मांडीवरून घसरायला नको. पाखरांसाठी मी काय करणार होते? तरी दर महिन्याला जुने वाचक गळतच होते. नवे दोनशे आले आणि जुने सहाशे गेले, याला यश म्हणायला फार मोठं मन लागतं.

चौथ्या महिन्यात मी पत्रांचा गठ्ठा घेऊन जिन्याखाली गेले आणि वाकायला विसरले. कपाळाला टेंगूळ आलं. आत्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, ती मी कपाळाला लावली.

"यांना हवंय तरी काय?" मी कळवळून विचारलं.

"पत्रांत आहे ते सोडून काहीतरी."

"म्हणजे खोटं लिहितायत?"

"सगळे."

"मग खरं काय आहे?"

"ते मी सांगायचं नसतं," आत्या म्हणाल्या. "एकदा त्यांच्याबरोबर चहा प्यायला जा. डोंगरावर."

गेले. पुढच्याच सुट्टीच्या दिवशी सकाळी, नवेकोरे बूट घालून. बरोबर तिघे जुने वाचक होते. पुढे भूगोलाचे मास्तर. वय पंच्याहत्तर, निवृत्त होऊन सतरा वर्षं झालेली, अंक दुसरा निघाला तेव्हापासूनचे वर्गणीदार. त्यांच्या पाठीला काळी पडलेली किटली लटकत होती. मागे एक दातांच्या डॉक्टरीणबाई आणि एक शिंपीकाका. सगळ्यांत मागे मी, दर शंभर पावलांनी निसर्गसौंदर्य बघायला थांबणारी.

अकराच्या सुमाराला एका ओढ्याजवळ मास्तरांनी तीन दगड मांडले, वर किटली ठेवली, खाली काटक्या सरकवल्या. काटक्या ओलसर होत्या. मास्तरांनी काड्यापेटी काढली. आणि मग तिघेही नुसते बसून राहिले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. मास्तर काड्यापेटी या हातातून त्या हातात घेत होते. शिंपीकाका माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं की आभाळाकडे बघत होते.

"पेटवायचं ना?" मी विचारलं. मला चहाची तलफ आली होती.

"पेटवू, पेटवू," मास्तर म्हणाले. "घाई काय आहे?"

आणखी दहा मिनिटं गेल्यावर डॉक्टरीणबाई एकदम ओरडल्या, "अय्या, खंड्या! त्या खडकाच्या मागे गेला बघा! तुम्ही बघाच!" तिघांनी मला एवढा आग्रह केला, की मी धडपडत खडकामागे गेले. तिथे कसलाही पक्षी नव्हता. एक फाटकी चप्पल होती. ती बघून मी परत आले तर चूल ढणढणत होती, किटलीतलं पाणी कुरकुरायला लागलं होतं आणि तिघांच्याही चेहऱ्यांवर देवळातून आल्यासारखा भाव होता.

आणि चुलीच्या कडेला, न जळता उरलेल्या कागदाच्या कपट्यावर, मला अर्धी मिशी दिसली.

ती मिशी मी ओळखत होते. माझ्या केबिनमध्ये तिची अख्खी तसबीर आहे. माझ्या आधीच्या संपादकांची मिशी, वीस वर्षं दर महिन्याच्या संपादकीयावर छापली गेलेली. माझी नजर तिथे गेली तसा डॉक्टरीणबाईंनी अलगद त्यावर बूट ठेवला आणि मला विचारलं, "साखर किती?"

दुसऱ्या दिवशी मी तडक आत्यांकडे गेले, वाकून. "हे लोक अंक जाळतात!"

"हळू बोला," आत्या म्हणाल्या. उठून त्यांनी दार लावून घेतलं आणि खोक्यांमागचं कपाट उघडलं. मला वाटायचं त्यात जुन्या चादरी असतील. आत होती सुटी पानं. वरपासून खालपर्यंत, महिन्यावार, पानवार लावलेली. छापखान्यातून येणाऱ्या जादा प्रती उसवून आत्या गेली एकतीस वर्षं ती साठवत होत्या.

भानगड अशी होती. डोंगरावर लाकूड ओलं असतं, आणि 'तंबू'च्या त्या मळकट कागदासारखं पेटणारं जगात दुसरं काही नाही. वाचक एखादं नकोसं पान फाडत, चूल पेटवत आणि घरी जाऊन उरलेला अंक वाचत. वाचताना लक्षात येई, की लेखाचा शेवट नेमका चहात गेला. आता संपादकांना कसं कळवायचं, की तुमच्या मासिकाला मी आग लावली? मग पत्र यायचं, 'पान बेचाळीस गहाळ झाले, कृपया पाठवावे.' आत्या पान बेचाळीस पाठवायच्या. का गहाळ झालं, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. लोक मात्र आपणहून कारण द्यायचे, आणि आत्या ते पेन्सिलीने कार्डावर टिपून ठेवायच्या. मास्तरांच्या कार्डावर लिहिलं होतं, 'वारा एकोणचाळीस. नदी सतरा. पाहुणा आठ. शेळी अकरा.'

"शेळी अकरा वेळा?"

"वाचनाची आवड असते एकेकीला," आत्या गंभीरपणे म्हणाल्या.

कपाटात एक रजिस्टरही होतं. कुठलं पान किती वेळा परत मागवलं गेलं, त्याचे रकाने. नकाशा, तीनशे चार. गाठी कशा माराव्यात, एकशे नव्वद. माझं बोट सरकत सरकत 'संपादकीय' या रकान्यावर आलं. तिथे शून्य होतं.

मला बरं वाटलं. "म्हणजे संपादकीय कुणी जाळत नाही?"

"सगळ्यांत आधी तेच जाळतात," आत्या म्हणाल्या. "परत कुणी मागत नाही, एवढंच."

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? गुपचूप जुना कागद परत आणला असता आणि तोंड मिटून बसलं असतं. मला वाटलं, मला घबाड सापडलंय. पुढच्या अंकात मी खरखरीत कागदाची आठ कोरी पानं घातली. वर ठळक मथळा, 'खास पेटवण्यासाठी! जाळा मनसोक्त!' खाली व्यंगचित्र: एक किटली, एक लाजलेला म्हातारा आणि एक शेळी. शेळीच्या तोंडी वाक्य, 'मी नाही खाल्लं हो!' ते वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःवरच इतकी खूश झाले होते, की मांडणीवाल्याला पेढे द्यायचेच बाकी होते.

छापलेला अंक मी आत्यांना द्यायला गेले. त्यांनी ते पान पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिलं. आणि अंक मिटून बाजूला ठेवला. काही बोलल्या नाहीत. चिडल्या नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पत्रांचा पाऊस पडला. आम्ही काय मासिकं जाळणारी माणसं आहोत? चव्वेचाळीस वर्षं अंक जिवापाड जपले, त्याचं हे फळ? डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, 'माझ्याकडे पहिल्यापासूनचे सगळे अंक आहेत.' आत्या म्हणाल्या, "आहेत. पानं नाहीत." पण हसल्या नाहीत. दोन महिन्यांत आकडा चार हजार तीसवर आला. मालक जिन्यात भेटले की माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघायचे.

मास्तरांचं मात्र पत्रच आलं नाही. निषेधाचं नाही, पान मागायचं नाही, काहीच नाही. त्यांची वर्गणी त्याच महिन्यात संपली, तीही आली नाही. आत्यांनी त्यांचं कार्ड खोक्यातून काढून चहाच्या कपाला टेकवून उभं केलं. ते रोज तसंच. डब्यातलं अर्धं जेवण परत जायला लागलं.

एक दिवस मी म्हटलं, "आत्या, एक माणूस गेला तर एवढं काय?"

त्या एकदम उसळल्या. "एक माणूस? एकतीस वर्षं मी त्या माणसाला एकदा विचारलं नाही, की शेळी सुळक्यावर चढते कशी! मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. आणि तू ते छापलंस? चित्रासकट?"

तोवर त्या मला 'अहो संपादकबाई' म्हणत. त्या दिवशी पहिल्यांदा 'तू' म्हणाल्या, आणि ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला मनापासून लाज वाटली. आत्यांनी अख्खं आयुष्य घालून जपलेलं गुपित मी चव्हाट्यावर मांडलं होतं, आणि तेही विनोद करायचा म्हणून.

"मी मास्तरांना पत्र लिहिते. माफी मागते."

"खबरदार. माफी मागितलीस की पुन्हा शेळी निघेल." त्यांनी नाक पुसलं आणि पेन्सिल उचलली. "आता ऐक. जुना कागद आण. गुळगुळीत राहू दे, नव्या पोरांना फोटो काढायला लागतो. त्याच्या बाहेरून जुना गुंडाळ. पुढे चार पानं, मागे चार पानं."

"कोरी?"

"कोरी कशाला? कोरा कागद काय दुकानात मिळत नाही? कोरं पान जाळलं की माणूस मासिक जाळणारा ठरतो. छापलेलं जाळलं की ते चुकून होतं. म्हणून छापलेलं हवं. वाचण्यासारखं दिसायला हवं. आणि जाळताना हात कचरायला नको."

"असं काय आहे आपल्याकडे?"

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. फार सभ्यपणे बघत राहिल्या.

"संपादकीय," शेवटी मीच म्हटलं.

"मी नाही म्हटलं हो," आत्या म्हणाल्या.

अशी माझी आठ पानी संपादकीयं सुरू झाली. अर्धं पुढे, आणि खाली ओळ, 'उरलेला मजकूर पान सत्याहत्तरवर.' पहिल्या महिन्यात मी 'निसर्ग आणि मानव' घेतला. दोन पानांत निसर्ग संपला, आणखी अर्ध्या पानात मानवही संपला. साडेपाच पानं उरली. काय लिहू? मग डोक्यात आलं, जळणारच तर आहे, कोण वाचतंय! आणि मी खरं लिहायला लागले. मला सुरवंटाची भीती वाटते, हे लिहिलं. दुकानात झोपायची पिशवी घालून बघताना चेन अडकली आणि दोन विक्रेत्यांनी मला टूथपेस्टसारखं दाबून बाहेर काढलं, ते लिहिलं. नव्या बुटांनी फोड आले ते मी ऑफिसात आठवडाभर सँडल घालून लपवले, हे लिहिलं. उशांच्या अभ्र्यांवर सात वर्षं लिहिताना मी कधी असं लिहिलं नव्हतं. तिथे कुणी काही जाळत नसे.

हळूहळू आकडा थांबला. मग एकेक करून वर चढला. कागद परत का आला, याविषयी मी अवाक्षर छापलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पत्रं पुन्हा सुरू झाली: पान सहासष्ट वाऱ्याने नेले, पान तीस नदीत पडले. गुळगुळीत पान वाऱ्याने कसं नेलं, हे मी आत्यांना विचारलं. "अंधारात हात चुकतो माणसाचा," त्या म्हणाल्या. मग एका नव्या पोराचं पत्र आलं, की बाहेरच्या मळकट पानांमुळे अंकाचा फोटो चांगला येत नाही, हे अक्षम्य आहे. आत्यांना काय आनंद झाला! त्यांनी कोरं कार्ड काढलं, त्याचं नाव-पत्ता शाईने घातला आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, 'चिडला.'

"हा राहतो बघ," त्या म्हणाल्या.

वर्षाची मुदत संपली त्या दिवशी मालक स्वतः जिन्याखाली आले आणि त्यांचंही डोकं आपटलं. चार हजार एकशे सतरा. छापील अंक राहिला, पत्ते राहिले. मी आत्यांना मिठी मारणार होते, पण त्या जागेत मिठी बसत नाही. आत्या नुसत्या "बरं झालं" म्हणाल्या. त्यांचं लक्ष कपाला टेकवलेल्या कार्डाकडे होतं. मास्तरांची वर्गणी संपून सहा महिने झाले होते. अंक मात्र दरमहा जात होता.

"तो कसा जातोय?" मी विचारलं.

"चुकून," आत्या म्हणाल्या.

त्या महिन्याचं संपादकीय मी पहिल्यांदाच तंबूत राहून आल्यावर लिहिलं होतं. डॉक्टरीणबाई आणि शिंपीकाकांबरोबर गेले होते. पुढच्या चार पानांचा शेवट असा होता: पहाटे मला जाग आली, बाहेर कुणीतरी घोगरा श्वास घेत होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत तंबूची चेन एकेक दात करत उघडायला लागली. उरलेला मजकूर पान सत्याहत्तरवर.

पंधरा दिवसांनी, मंगळवारी सकाळी, आत्यांनी मला खाली बोलावलं. आपणहून त्या कुणाला बोलवत नाहीत, म्हणून मी धावत गेले, पण वाकून. त्यांच्या हातात एक पोस्टकार्ड होतं. ते त्यांनी वाचायला दिलं नाही, स्वतःच वाचून दाखवलं.

"'सप्रेम नमस्कार. या महिन्याच्या अंकाचे पान सत्याहत्तर शेळीने खाल्ले. तरी कृपया पाठवावे. एरवी घाई केली नसती, परंतु तंबूबाहेर कोण होते हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. वर्गणी वेगळी पाठवली आहे. ता. क. कागद बरा आहे.'"

आत्यांचा आवाज शेवटच्या ओळीला जरासा हलला. सगळा गुन्हा माफ झाल्याचं मला कळलं होतं, आणि माफ करताना मास्तरांनी शेळीलाही पुन्हा कामावर घेतलं होतं.

"बघत काय बसलीस? पान काढ," आत्या म्हणाल्या.

कपाटातून मी माझंच पान शोधून काढलं, पाकिटात घातलं, पत्ता माझ्या हाताने लिहिला. तोवर आत्यांनी मास्तरांचं कार्ड पुढे ओढलं, 'शेळी अकरा' खोडून 'शेळी बारा' केलं आणि ते तिसऱ्या खोक्यात त्याच्या जागी सारून दिलं. मग रजिस्टर उघडलं. 'संपादकीय' या रकान्यातलं शून्य त्यांनी रबराने सावकाश पुसलं, वर फुंकर मारली आणि माझ्याकडे न बघता तिथे एक लिहिला.